आस

माझी पोलो जीटी चाकणची. 1.2 लिटरचं टर्बो इंजिन, 105 अश्वशक्ती. 2013 साली ती बाजारात आली तेव्हाच माझा जीव तिच्यावर जडला होता. वाईहून पसरणी घाट चढताना ती अशी ओढ घ्यायची की पाचगणी यायला नको वाटे. एकच गोष्ट सलायची. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये चार बोटं सहज मावत. रात्री गाडी लावून जिना चढताना मागे वळून पाहिलं की ती पोकळी डोळ्यांत खुपे. गाडीने जमिनीला थोडं बिलगावं, एवढीच आस होती.

म्हणून एका शनिवारी तिला 30 मिलिमीटर खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा घातल्या. मूळच्यापेक्षा साधारण 20 टक्के ताठ. शॉकअप मात्र कारखान्याचेच राहू दिले. तीस हजार किलोमीटर चाललेले, पण कोरडे आणि धडधाकट. आमचे मिस्त्री वडिलांच्या वयाचे. त्यांना सगळे मामा म्हणतात. मामांनी शेवटचा नट आवळला, बॉनेटवर दोन्ही हात टेकून गाडी खाली दाबली आणि सोडली. ती वर आली, जरा जास्तच वर आली, खाली गेली, मग थांबली.

"दिसायला झकास झाली साहेब," मामा म्हणाले, "पण एक झोका जास्त घेतेय."

पहिले काही दिवस तो झोका मला जाणवला नाही. गाडी वळणात कमी कलायची, स्टिअरिंग लगेच ऐकायची. मग एकदा साताऱ्याच्या वाटेवर एका लांब पुलाचे सांधे लागले, एकामागोमाग एक. पहिल्या सांध्यावरून उठलेली गाडी खाली टेकायच्या आत दुसरा आला, तिची डोलणी आवरायच्या आत तिसरा. आणि मला तबल्याची शिकवणी आठवली.

डग्ग्यावर 'घे' वाजला की तो घुमत राहतो. त्या घुमण्याला आस म्हणतात. तळवा टेकला की आस मिटते. गुरुजींचा सगळा जोर त्या मिटण्यावर असायचा. एका बोलाची आस पुढच्या बोलात सांडली की ठेका गढूळ होतो, हे ते रोज सांगत. पुलावर माझ्या गाडीचा ठेका तसाच गढूळ झाला होता.

स्प्रिंग म्हणजे नुसती आस. जेवढी दाबाल तेवढ्या बळाने उलटून येणारी. हा नियम रॉबर्ट हुकने 1676 मध्ये अक्षरांच्या कोड्यात लपवला होता आणि 1678 मध्ये स्वतःच उलगडला. घेतलेलं सगळं परत करायचं, एवढंच स्प्रिंगला ठाऊक. थांबवायचं काम शॉकअपचं. तेलात बुडालेला दट्ट्या, त्याला बारीक वाटा आणि झडपा. तेल त्यांतून पिळून निघतं, चाकाची उसळी उष्णतेत विरते. म्हणून खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअप हाताला गरम लागतो. कारखान्यातला इंजिनिअर हा तळवा त्या एका स्प्रिंगच्या मापाने बेततो. मी स्प्रिंग 20 टक्के ताठ केली, तेव्हा तिला तितक्याच नेटाने आवरायला शॉकअपचं बळ सुमारे साडेनऊ टक्के वाढायला हवं होतं. ते होतं तेवढंच राहिलं. कागदावर फरक लहान. पुलावर तोच एक झोका.

दुसरा हिशोब जागेचा. गाडी 30 मिलिमीटर खाली बसली म्हणजे चाकाची वर जायची वाट तेवढीच आखूड झाली. स्प्रिंगमध्ये मावणारा धक्का ताठपणाच्या पटीने वाढतो, पण अंतराच्या वर्गाने घटतो. गमावलेले तीन सेंटिमीटर वीस टक्के ताठपणाने भरून निघत नाहीत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच हवा. आमच्या गल्लीतला हातभर रुंदीचा, भिंतीसारखा उभा. त्यावर चाक थेट बंपस्टॉपच्या रबरावर आदळे. तो दणका माझ्या पाठीला बसे, तसा त्या बिचाऱ्या शॉकअपलाही.

वर्षभराने मागच्या उजव्या शॉकअपवर तेलाचा ओघळ दिसला, त्यावर धूळ बसून काळी झालेली. मला दोष द्यावासा वाटला नाही. त्याने आपल्या मापाबाहेरची आस वर्षभर निमूट आवरली होती. या स्प्रिंगांना साजेसे आखूड, कडक शॉकअप मिळतात. पण मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ रचनेत फेरफार करू देत नाही, आणि माझ्या गल्लीचा गतिरोधकही. मी मामांना जुन्या स्प्रिंगा परत बसवायला सांगितलं. त्यांनी त्या पोत्यात बांधून जपून ठेवल्या होत्या. चारही शॉकअप नवे आणले, कारखान्याच्याच मापाचे.

मामांनी बॉनेट दाबलं, सोडलं. गाडी वर आली आणि थांबली. मामा काही बोलले नाहीत, हात पुसत आत गेले.

टायरच्या वर पुन्हा चार बोटं मावतात. जिना चढताना मी अजूनही वळून पाहतो. ती पोकळी चाकाला वर यायला ठेवलेली जागा आहे, हे आता ठाऊक आहे. गेल्या रविवारी त्याच पुलावरून गेलो. सांधा आला, गाडीने तो घेतला आणि मिटवला. मग दुसरा. प्रत्येक बोल वेगळा ऐकू आला.