पाण्याचा बोळा

दार उघडल्या उघडल्या आजी म्हणाल्या, "जाळी बदलायची नाही हं. तीन झाल्यात."

सदाशिव पेठेतली चार मजली इमारत, जुना वाडा पाडून उभी राहिलेली. आजी पहिल्या मजल्यावर. तक्रार वासाची, आणि तीही सकाळी सहा ते नऊ एवढ्याच वेळात. माझ्याआधी तिघे येऊन गेले होते आणि तिघांनीही मोरीची जाळी बदलली होती. जाळी बदलली की काम झाल्यासारखं दिसतं, पैसे मागायला तोंड राहतं. शेवटी आजींनी वाड्यातला जुना उपाय काढला होता. जुन्या धोतराच्या फडक्याचा घट्ट बोळा करायचा आणि रात्री निजताना जाळीवर दाबून बसवायचा. "मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा म्हणून हसतात लोक," त्या म्हणाल्या, "पण बोळ्याशिवाय आमचा वाडा एक रात्र निजला नाही. उंदीर, झुरळं, पावसाळ्यात विंचूसुद्धा."

मी म्हटलं, "आजी, आत बोळा आहेच. पाण्याचा."

जाळीखालच्या भांड्याला आम्ही नहाणी ट्रॅप म्हणतो. न्हाणीघरातलीच ही न्हाणी, पण शब्द देशभर गेलाय. माझ्याबरोबर ओडिशातल्या केंद्रापाड्याचा एक पोरगा काम करतो. त्या जिल्ह्यातून देशभर प्लंबर जातात. त्याला मराठी जेमतेम येतं, पण नहाणी ट्रॅप हा शब्द तो गावाहूनच घेऊन आला होता. या ट्रॅपमध्ये नळी अशी वळवलेली असते की बाकात दोन इंच, म्हणजे ५० मिलिमीटर पाणी कायम थांबून राहावं. वरून पाणी आलं की ते या पाण्याला ढकलून पुढं जातं, पलीकडची हवा मात्र अलीकडं येऊ शकत नाही. ना स्प्रिंग, ना झडप, ना झिजणारा एकही भाग. १७७५ साली लंडनमध्ये अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीनं संडासाखाली असा बाक देऊन त्याचं पेटंट घेतलं. चाकांच्या माणसाला एकही चाक नसलेली गोष्ट सुचावी, याची मला मोठी गंमत वाटते.

आजींनी क्षणभर विचार केला. मग त्यांनी असा प्रश्न विचारला, जो आधीच्या तिघांपैकी एकालाही पडला नव्हता. "मग माझ्या मोरीतला बोळा सकाळी कोण काढून नेतं?"

पाण्याचा बोळा तीन वाटांनी जातो. पहिली वाट उन्हाची. मे महिन्यात माणसं महिनाभर कोकणात जातात, परत येऊन कुलूप उघडतात तर घरभर गटाराचा वास. ट्रॅप आटलेला असतो, बाकी काही नाही. जाण्याआधी प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी आणि वर चमचाभर गोडंतेल ओतलं की तेलाचा तवंग पाणी उडू देत नाही. न वापरलेल्या बाथरूमला आठवड्यातून एक तांब्या दाखवावा. ही बाब वाटते तेवढी किरकोळ नाही. २००३ साली हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्सच्या साथीत ३२१ जणांना लागण झाली. तपासात जी कारणं पुढं आली, त्यांत बाथरूमच्या जमिनीतले कोरडे ट्रॅप होते. एक्झॉस्ट फॅन लावला की तो त्या कोरड्या वाटेनं सांडपाण्याच्या नळातली हवा घरात ओढायचा. हे कळल्यापासून मी तांब्याचं सांगताना आवाज थोडा चढवतो.

दुसरी वाट चोरटी. पुसण्याच्या फडक्याचा दोरा किंवा केसांची बट ट्रॅपच्या कडेवर अडकते, एक टोक पाण्यात आणि दुसरं पलीकडं लोंबतं. निरांजनातली वात तेल ओढते तशी ही बट रात्रभर पाणी ओढून पलीकडं टाकत बसते. तिसरी वाट ओढीची. आजींच्या मोरीत मला तिचाच संशय होता, पण संशयावर फरशी फोडायची नाही ही उस्तादांची शिकवण.

उस्तादांनी मला पहिले सहा महिने पान्याला हात लावू दिला नाही. तेव्हा बिडाचे नळ असायचे. सांध्यात ताग ठासायचा, मग शिसं वितळवून ओतायचं. ते काम आता गेलं. शिशाचा धूर आठवला की बरं झालं असंच वाटतं. ढाळ मात्र गेला नाही. चार इंची नळाला चाळीसास एक ढाळ, म्हणजे दहा फुटांत तीन इंच. पाणी भरधाव जावं म्हणून नवशिके जास्त ढाळ देतात. मग पाणी पुढं पळतं आणि घन माल मागं राहतो. उस्ताद दाढीचा आरसा घेऊन एका चेंबरपाशी बसायचे आणि ऊन पकडून नळात सोडायचे. पलीकडच्या चेंबरपाशी मी. उजेडाची पूर्ण गोल चकती दिसली तर नळ सरळ. चकती कापलेली दिसली तर नळाला कुठंतरी पोट आलंय, तिथं पाणी साचणार आणि वर्षभरात तिथंच चोकअप होणार. आज कॅमेरा मिळतो. माझ्या पिशवीत आरसा अजून आहे.

खरं म्हणजे माझी बहुतेक कामं आजींच्या उलट असतात. तिथं हवा तो बोळा जागेवर असतो, पण पुढं नको तो बोळा बसलेला असतो. दिवाळीनंतरचा आठवडा आमचा सुगीचा. चकल्या-शेवेचं तळण झालेली कढई गरम पाण्यानं धुतली की वनस्पती तूप सुखात खाली जातं. पुढं बाहेरच्या भिंतीवरच्या नळात, पुण्याच्या नोव्हेंबरातल्या थंडीत ते थिजतं. त्यावर बेसनाचं पाणी, चहाचा चोथा, भाताची शितं. महिन्याभरात असा गोळा होतो की स्प्रिंग घातली तर भोक पडतं, गोळा हलत नाही. कढई आधी रद्दीच्या कागदानं पुसून घ्या, हे मी इतक्यांदा सांगितलंय की काही घरांत माझं नाव कागदवाले मिस्त्री पडलंय.

बाथरूममधला बोळा वेगळा. बोअरच्या जड पाण्यात साबण फेसाळत नाही. त्यातल्या चुन्याशी तो मिळतो आणि पांढरी साय होऊन नळाला आतून चिकटतो. त्या सायीला केस अडकतात. गणपतीनंतर आणखी एक प्रकार येतो. घरी बादलीत विसर्जन ही फार चांगली चाल आहे, पण शाडूचं गढूळ पाणी मोरीत ओतलं की माती ट्रॅपच्या तळाशी बसते. प्लॅस्टरच्या मूर्ती पुण्यात लोक अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात विरघळवतात. आपल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची ती युक्ती. त्यात शेवटी खाली उरतो तो चुनखडीसारखा गाळ. पाणी झाडांना घाला, गाळ वाळवा, पण मोरी दाखवू नका. बाप्पाला असं अडकून ठेवणं बरं दिसत नाही.

आणि ती नळ साफ करायची पावडर! त्यातला कॉस्टिक सोडा पातळ थराला खातो हे खरं. पण पक्क्या बोळ्यावर ओतला तर तो वरच साचून राहतो, काही वेळा चरबीचा साबण करून आणखी घट्ट बसवतो. पावडर हरली म्हणून ॲसिड ओतणारेही भेटतात. अशा एका घरात मालकानं आधी काय ओतलंय ते सांगितलंच नाही. मी ट्रॅपचं झाकण फिरवलं आणि उसळी मनगटावर आली. डाग अजून आहे. तेव्हापासून दारातच विचारतो, "काय काय ओतलंत?" लोक डॉक्टरपुढं लपवतात तसं लपवतात.

माझा धंदा इमारतीच्या शेवटच्या चेंबरपर्यंत. त्याच्या पलीकडच्या मेन लाइनला वेगळा माणूस बोलावतात. मला चहा कपबशीतून मिळतो. त्याला मिळालाच तर फाटकापाशी, कागदी पेल्यात. घाण एकच असते, झाकण उघडायची पद्धतही तीच. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवून मैला काढायला लावणं २०१३च्या कायद्यानं गुन्हा आहे. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानं अशा मृत्यूची भरपाई ३० लाखांवर नेली. तरी बातम्या येतच असतात. आतला वायू आधी सडक्या अंड्यासारखा वास देतो आणि जास्त झाला की नाकच बधिर करतो. वास गेला म्हणजे धोका गेला असं वाटतं नेमकं तेव्हा माणूस पडतो. कुणी वाचवायला मागून उतरलं की तोही जातो. सोसायटीच्या बैठकीत खर्च वाचवायला "एखादा माणूस उतरवू" असं कुणी म्हणालं, की मी ते काम सोडून येतो.

असो. आजींची मोरी. जाळी काढून मी बॅटरी आत धरली आणि पोराला वर पाठवून चौथ्या मजल्यावरचा फ्लश ओढायला लावला. ट्रॅपमधलं पाणी आधी फुगलं, दोन बुडबुडे आले, मग गुडगुड करत सगळं पाणी खाली गेलं. आत काळा कोरडा बाक आणि वर येणारा वास. उभ्या नळात पाणी कोसळतं तेव्हा ते पुढची हवा रेटतं आणि मागची ओढतं. ती हवा मिळावी म्हणूनच नळ गच्चीच्या वर नेऊन मोकळा सोडलेला असतो. वरून हवा मिळाली नाही तर तो घराघरातल्या ट्रॅपमधून ती हिसकून घेतो. सकाळी सहा ते नऊ अख्खी इमारत फ्लश ओढत होती आणि किंमत आजींचा ट्रॅप मोजत होता.

गच्चीवर गेलो. वरच्या साहेबांनी तिथं सुरेख बाग केली होती. कोपऱ्यात मधुमालती, तिच्यामागं आमचा नळ, जेमतेम कमरेएवढा. त्याच्या तोंडात गोणपाटाचा बोळा ठासलेला आणि वर पालथी कुंडी. साहेब म्हणाले, "इथं बसलं की वास यायचा हो." त्यांचंही काही खोटं नव्हतं. बोळा उपसून मी नळ डोक्याच्या बराच वर चढवला आणि कबुतरांसाठी जाळीची टोपी बसवली. खाली येऊन पुन्हा फ्लश ओढायला लावला. ट्रॅपमधलं पाणी जरासं थरथरलं आणि जागेवर राहिलं.

आजींनी स्वतः वाकून पाहिलं, समाधानानं मान हलवली आणि फडक्याचा बोळा धुवून दोरीवर वाळत घातला.

मी म्हटलं, "आता कशाला आजी तो? वास बंद झाला ना?"

"वास झाला. झुरळाला पोहता येत नाही का?"

येतं. त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.