दिवाणखान्यातल्या अ‍ॅम्प्लिफायरसाहेबांस

डोंबिवली (पूर्व)

ति. अ‍ॅम्प्लिफायरसाहेब यांचे सेवेसी,

सा. न. वि. वि.

इकडील सर्व क्षेम. आपलंही असावं, कारण आपण आमच्यापासून चार हातांवर, शोकेसच्या मधल्या कप्प्यातच आहात. तरी पत्र लिहायची वेळ आली. गेल्या काही दिवसांत आपल्या पाठीमागे (अगदी पाठीमागेच, जिथे सगळ्या वायरी लागतात तिथे) बरंच काही उरकण्यात आलं आणि आपल्याला कुणी विचारलं नाही. वडीलधाऱ्यांना सगळं ठरल्यावर सांगायचं, ही आमच्याकडची पद्धत आपल्याला ठाऊक आहेच.

तर बातमी अशी. आई आता पोळ्या लाटता लाटता स्वयंपाकघरातून नुसतं बोलते आणि आपण दिवाणखान्यात गायला लागता. ओट्याच्या कोपऱ्यात एक बोलकी डबी आहे, ती आईचं ऐकते. आपल्या मागे आहे ती मुकी डबी. तिला कान नाहीत. तिला वायफायवरून निरोप मिळतो आणि लाल-पांढऱ्या आरसीए वायरीतून ती आपल्या ‘ऑक्स’मध्ये गाणं सोडते. शिवाय आपण आणि भिंत यांच्यामध्ये एक स्मार्ट प्लग आहे. हुकूम झाला की त्यात खट् होतं आणि आपला लाल दिवा लागतो.

हे जमलं ते केवळ आपल्या जुन्या वळणाच्या स्विचमुळे, हे इथे मान्य करतो. आपला स्विच एकदा दाबला की दबलेलाच राहतो, वीज आली की आपण उठून बसता. आपल्यामागून आलेले रिमोटवाले रिसीव्हर पुष्कळदा वीज आली तरी स्टँडबायमध्ये लोळत राहतात, त्यांना पुन्हा बटण दाबून उठवावं लागतं. नव्या पिढीबद्दल जास्त बोलत नाही.

भाच्याचा बेत वेगळा होता, तेही आपल्याला कळलेलं बरं. “मामा, हे धूड भंगारात द्या आणि सरळ दोन वायफाय स्पीकर घ्या,” असं तो आपल्यासमोरच म्हणाला. मी त्याला क्रोमकास्ट ऑडिओची कुंडली वाचून दाखवली. गूगलची ही छोटी चकती २०१५ साली आली, ती खास आपल्यासारख्यांसाठीच. कुठल्याही जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला लावा, घरभर एकच गाणं वाजवा. लोक खूश होते. २०१९च्या जानेवारीत तिचं उत्पादन बंद झाल्याचं जाहीर झालं. पुढे मार्च २०२५मध्ये तिच्या आतल्या एका डिजिटल प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत संपली आणि जगभरातल्या या चकत्या एका दिवसात मुक्या झाल्या. कंपनीने दुरुस्ती पाठवली तेव्हा कुठे त्यांना पुन्हा वाचा फुटली. अ‍ॅमेझॉनच्या इको डॉटला चौथ्या पिढीपर्यंत साडेतीन मिलिमीटरचं भोक होतं, त्यातून वायर काढून आपल्याला जोडता यायची. २०२२च्या पाचव्या पिढीत ते भोकच गेलं.

आपल्या पाठीवरची भोकं मात्र १९८६ साली बाबांनी बोनसच्या पैशांतून आपल्याला घरी आणलं तेव्हा होती तशीच आहेत. टेपडेक आला, त्यात मावला. सीडी प्लेयर आला, मावला. आता ही डबी. आपल्या आत असं काही नाहीच की ज्याची मुदत कुणाला दूरवर बसून संपवता येईल. भाचा यावर म्हणाला, “पण हे काही स्मार्ट नाही.” नाहीच आहे. म्हणून तर टिकलं.

आता तक्रारी. त्याही ऐकून घ्याव्यात.

पहिली आवाजाची. आपल्या काळातल्या वस्तू हळू बोलायच्या. आपल्या ‘ऑक्स’ला जेमतेम दोनशे मिलिव्होल्ट मिळाले तरी आपण पूर्ण ताकदीने गाता. आजची डबी ओरडून दोन व्होल्ट देते, म्हणजे दहापट. त्यामुळे आपलं बटण सातवरून आठवर गेलं न गेलं तोच शेजारच्या काकू गॅलरीत येतात. यावर आईनेच तोडगा काढला. आपल्या बटणाच्या कडेला, चांदीच्या रंगाच्या तबकडीवर, एक बारीक मरून टिकली दिसेल. बटणावरची रेघ त्या टिकलीसमोर ठेवायची आणि नंतर बटणाला हात लावायचा नाही, असा घरात ठराव झाला आहे. बोलक्या डबीला कुणी “फुल व्हॉल्यूम” सांगितलं तरी गाणं टिकलीने आखलेल्या हद्दीतच राहतं. आपला अधिकार काढून घेतला असं मनात आणू नका. मर्यादा अजून आपणच ठरवता, डबी तिच्या आत खेळते.

दुसरी तक्रार आपल्या ‘फोनो’ नावाच्या भोकाची. ते बाकीच्यांसारखंच दिसतं आणि त्यात काहीही घुसतं, ही आपल्या घराण्याची खोड. ते रेकॉर्ड प्लेयरच्या सुईसाठी आहे. सुईकडून येतो तो अगदी क्षीण आवाज, म्हणून तिथे तो कितीतरी पटींनी वाढवला जातो आणि वर रेकॉर्ड कापताना दाबलेला खर्जही भरून काढला जातो. भाच्याने डबी तिथे जोडली. किशोरीताईंचा आवाज जो काही फाटून, घुमून बाहेर आला, तो ऐकून आई ओट्यावरून पोळपाट सोडून धावत आली. आता त्या भोकावर चिकटपट्टी आहे.

आणि ती घरघर! पन्नास हर्ट्‌झची, आपल्या पोटातून येणारी. मला वाटलं, आपलं वय झालं. पण नाही, दोष आपला नव्हता. बाबांच्या कॅसेटींची रेकॉर्डिंग ठेवायला जो छोटा संगणक लावला होता, तो टीव्हीलाही जोडलेला होता आणि टीव्ही केबलला. जमिनीकडे जायच्या वाटा दोन झाल्या की त्यांच्यामधून वीज फिरत बसते आणि आपण तीही निष्ठेने वाढवून ऐकवता. टीव्हीची वायर काढली, घरघर गेली. उगाच संशय घेतला गेला, पण घेणारा भाचा होता, मी नाही.

आपले स्वयंपाकघरातले धाकटे बंधू, म्हणजे तो टू-इन-वन, यांनाही तशीच एक मुकी डबी जोडायची होती, पण त्यांनी मात्र छळ मांडला. त्यांच्या पाठीला आरसीए नाहीच, पाच पिनांचं गोल डिन सॉकेट. पाचांतल्या एक आणि चार रेकॉर्डिंगच्या, तीन आणि पाच ऐकायच्या, दोन नंबरची जमिनीची. बाजारातली तयार वायर एक-चारला जोडलेली निघाली तर सगळं जागच्या जागी असून चिडीचूप. बरं, बंधूंना स्पीकर एकच. डावी वायर तेवढी लावली तर जुगलबंदीत एक कलाकार गैरहजर. सतार कळवळून प्रश्न विचारते आणि उत्तर द्यायला सरोद नाही. दोन वायरी नुसत्या पिळून एकत्र करणंही बरं नव्हे, त्यात डबीचे दोन्ही चॅनेल एकमेकांवर भार टाकतात. प्रत्येक वायरीत एकेक रेझिस्टर घालून मग जोडल्या, तेव्हा दोघे कलाकार बैठकीला आले.

आता ज्यासाठी आपले खास आभार मानायचे ते. दोन खोल्यांत एकच गाणं लावलं की खरा प्रश्न वेळेचा येतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो, म्हणजे दहा मीटरला सुमारे तीस मिलिसेकंद. एवढा फरक कान खपवून घेतो. पण कुणी मध्ये ब्लूटूथ आणलं की शे-दीडशे मिलिसेकंद सहज वाढतात, आणि मग पॅसेजमध्ये उभ्या माणसाला तिहाई संपून सम दोनदा ऐकू येते. एक दिवाणखान्यातली, एक स्वयंपाकघरातली. तबलजीची अब्रू जाते. वायफायवरच्या डब्या आपापली घड्याळं जुळवून एकदम वाजतात, पण त्यांच्यामागचा अ‍ॅम्प्लिफायर नव्या पद्धतीचा असला तर तो आवाजाचे आधी आकडे करतो, त्यावर संस्कार करतो, मग सोडतो. त्यात उशीर होतो आणि तो अ‍ॅपमध्ये जाऊन भरून काढावा लागतो. आपण असलं काही करत नाही. इकडून आलं की तिकडून गेलं. आपल्या आणि बंधूंच्या समेत मला फरक सापडलेला नाही. जिना उतरून पाहिलं, गॅलरीत जाऊन पाहिलं.

बोलकी डबी आपल्या डोक्यावर ठेवायचीही टूम निघाली होती. मी हाणून पाडली. एक तर आपल्या डोक्यावरच्या जाळीतून उष्णता वर जाते, तिथे फुलदाणीसुद्धा ठेवायची नाही हा बाबांचा नियम. दुसरं, आपण गात असताना आपल्याच तोंडाशी असलेल्या कानांना हाका ऐकू येत नाहीत. माणसं किंचाळायला लागतात. ऐकणारी वस्तू एका खोलीत आणि गाणारी दुसऱ्या खोलीत, हेच सोयीचं. तिच्या डोक्यावर माइक बंद करायचं बटण आहे. पाहुणे आले आणि जागेच्या व्यवहाराचं बोलणं निघालं की आई ते न चुकता दाबते.

डबीला आमच्या घरात हिंदी आणि इंग्रजी चालतं, मराठी चालत नाही. आई तिच्याशी जी हिंदी बोलते ती आपण ऐकली आहेच. “वो बंद करके भीमसेन लाव.” लावते बिचारी, कधी कधी.

आजोबांच्या व्हॉल्व्हच्या रेडिओलाही मागे ‘पिकअप’ची दोन भोकं आहेत. लोभ सुटला होता. पण लॅमिंग्टन रोडच्या दुरुस्तीवाल्यांनी मागचा पुठ्ठा उघडून पाहिला आणि हात मागे घेतला. त्या संचात मेन्स ट्रान्सफॉर्मर नाही, सांगाडा थेट विजेला जोडलेला असतो. डबीची वायर तिथे लावली तर सगळ्या जोडणीत २३० व्होल्ट उतरू शकतात. तेव्हा आजोबांचा रेडिओ फक्त पुसला जाईल. ज्यासाठी पोस्टात लायसन्स फी भरली जायची, त्याने आता निवृत्तिवेतन घ्यावं.

एका बाबतीत सगळेच कमी पडलो. आईला गीतरामायण हवं असतं, पण पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५च्या रामनवमीला सुरू झालेलं, आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गाण्यांचं, वेगवेगळ्या गायकांनी गायलेलं ते. डबीला कितीही समजावून सांगा, ती सुधीर फडक्यांनी एकट्याने गायलेलं लावते. ते उत्तमच आहे, पण आईचं म्हणणं वेगळं आहे आणि डबीला म्हणणं कळत नाही, नाव कळतं. आजोळच्या मामांनी रेडिओवरच्या पुनःप्रसारणातून भरलेल्या दोन कॅसेट बाबांच्या खोक्यात सापडल्या. त्या आपल्याच टेपडेकवर लावल्या, आपल्याच ‘टेप आउट’मधून त्या छोट्या संगणकात घेतल्या. म्हणजे आईच्या गाण्यांसाठी डबीला शेवटी आपल्या दाराशी यावं लागलं. यात आनंद मानू नये असं म्हणतात. मी मानला.

आता विनंती. आपला डावा चॅनेल मधूनमधून जातो, आणि चालू होताना आपण जो ‘धप्प’ आवाज करता तो पूर्वी नव्हता. दुरुस्तीवाले म्हणतात, आतले इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर सुकले, ते बदलावेत आणि बटणांना कॉन्टॅक्ट क्लीनर मारावा. शनिवारी दुपारी, गर्दी उतरल्यावर, आपल्याला लोकलच्या मालडब्यातून ग्रँट रोडला न्यायचं ठरलं आहे. ट्रान्सफॉर्मरमुळे आपलं वजन काय आहे ते आपण जाणताच, माझ्या कमरेचं तेवढं पाहावं. स्विच बदलून मऊ बटणाचा देऊ का, असं त्यांनी विचारलं तर मी नाही म्हणणार आहे. आपणही नाही म्हणा. आठवडाभर दिवाणखाना रिकामा राहील, तेवढ्यात भाच्याच्या वायफाय स्पीकरने आपली जागा घेतली असं काही कानावर आलं तर विश्वास ठेवू नका. परत येताना दादरला गाडी बदलून डोंबिवली लोकल पकडू. तयारीत राहावे.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपला,
टिकलीची रेघ सांभाळणारा