पंधरा दिवसांचं निलंबन

पोस्टमनने रजिस्टर्ड पाकीट हातात दिलं तेव्हा मी एका आजोबांना महिन्याची मेटफॉर्मिन देत होते. सही केली आणि उभ्याउभ्याच पाकीट फोडलं. माझ्या मेडिकलचे फॉर्म २० आणि फॉर्म २१ मधले दोन्ही परवाने १५ दिवसांसाठी निलंबित झाले होते. पुढच्या महिन्याच्या १० तारखेपासून. त्या काळात औषधांची विक्री करायची नाही. आजोबांनी दोनदा विचारलं, "किती झाले गं?" मला आकडा सांगता येईना.

तपासणी होऊन चार महिने झाले होते. त्या दिवशी सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं आणि मी त्यांच्याबरोबर दवाखान्यात होते. दुकानात आमचा मुलगा होता, म्हणजे कामाला असलेला. सहा वर्षांत त्याला प्रत्येक औषधाचा कप्पा पाठ झालाय, पण तो फार्मासिस्ट नाही. औषध निरीक्षक आत आले त्याच वेळी तो एकाला सिफिक्झिमची स्ट्रिप देत होता. डॉक्टरांची चिठ्ठी समोर होती, पण देखरेखीला नोंदणीकृत फार्मासिस्ट नव्हता. हा पहिला मुद्दा.

दुसरा मुद्दा त्याच औषधाचा. सिफिक्झिम शेड्यूल एच-वनमध्ये येतं. १ मार्च २०१४ पासून या यादीतलं औषध दिलं की वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद करावी लागते. डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं ते, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. माझ्या रजिस्टरात तीन ओळींत डॉक्टरांच्या नावाची जागा कोरी होती. तिसरा मुद्दा, इन्सुलिनच्या खरेदीचं बिल दाखवलं नाही. चौथा, फ्रिजच्या तापमानाच्या नोंदी अकरा दिवस नाहीत.

आधी कारणे दाखवा नोटीस आली होती, आणि खरी चूक मी तिथे केली. ओळखीच्या एकाने मोबाइलवर खुलाशाचा तयार नमुना पाठवला. "सदर त्रुटी अनावधानाने झाल्या असून यापुढे दक्षता घेण्यात येईल." नाव-पत्ता बदलला, सही केली, पाठवून दिला. सोबत एक कागदसुद्धा जोडला नाही. मला वाटलं, नम्रपणे लिहिलं की भागतं. आदेशात माझंच वाक्य माझ्यासमोर आलं. परवानाधारकाने सर्व त्रुटी मान्य केल्या आहेत, सबब खुलासा समाधानकारक नाही. ज्याचं बिल माझ्याकडे होतं, ती त्रुटीही मी मान्य करून बसले होते.

संध्याकाळी अण्णांकडे गेले. बाजारपेठेतलं सगळ्यात जुनं मेडिकल त्यांचं. त्यांनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि आदेशाच्या कडेला एक, दोन, तीन, चार असे आकडे टाकले.

"पोरी, रडायला नंतर वेळ आहे. यातलं खरं किती आणि खोटं किती, ते आज रात्री काढ."

नियम त्यांना तोंडपाठ. १९४५ च्या औषध नियमांतला ६६ वा नियम. परवाना निलंबित करताना अधिकाऱ्याने लेखी कारणं द्यायची असतात आणि त्या आदेशावर तीन महिन्यांत राज्य शासनाकडे अपील करता येतं. "पण तीन महिने आहेत म्हणून थांबू नकोस," ते म्हणाले. "दहा तारखेला शटर पडणार. पंधरा दिवस भोगून झाल्यावर अपील जिंकलीस तरी काय हातात येणार? अपील दाखल झालं म्हणून आदेश थांबत नाही. स्थगितीचा अर्ज वेगळा लाव, आणि तो आधी."

रात्री जेवणं झाल्यावर हे आणि मी दुकानाचं शटर अर्धं ओढून बसलो. वर्षभराच्या बिलांच्या फायली जमिनीवर. इन्सुलिनचं बिल सापडायला दीड वाजला. सलाइनच्या एका बिलाच्या मागे ते स्टेपलरच्या पिनेत अडकलं होतं. मी फ्रिज उघडला, खोका काढला आणि बॅच नंबर एकेक अक्षर मोठ्याने वाचला. हे बिलावर बोट ठेवून ऐकत होते. शेवटच्या आकड्यापर्यंत जुळला. खोका परत ठेवताना फ्रिजमधल्या थर्मामीटरकडे पाहिलं. पाच अंश. दोन ते आठच्या मधोमध. फ्रिज कधी बिघडला नव्हता, आम्ही लिहायचं सोडलं होतं.

अपील लिहायला वकील गाठले. चांगले होते, पण पहिले दोन मुद्दे कबूल करायला त्यांचा विरोध. "कशाला आपणहून मान्य करता?" म्हणाले. मी ऐकलं नाही. निरीक्षकांनी जे डोळ्यांनी पाहिलं ते मी कसं नाकारणार? आणि ते रजिस्टर कशासाठी आहे हे मला कळतं. अँटिबायोटिक गोळ्या शेंगदाण्यासारख्या विकल्या गेल्या की उद्या त्या लागू पडत नाहीत. माझ्याच दारात माणसं यायची, "दोन गोळ्या द्या, पूर्ण कोर्स नको" म्हणत. तेव्हा अपिलात लिहिलं, मुद्दा एक आणि दोन खरे आहेत. मुद्दा तीन खरा नाही, बिल आणि बॅच नंबर सोबत जोडला आहे. मुद्दा चारमध्ये नोंदी नाहीत हे खरं, पण तपासणीच्या दिवशी फ्रिजचं तापमान योग्य असल्याचं तपासणी अहवालातच लिहिलेलं आहे. ही शेवटची ओळ अण्णांनी शोधली. मी तो अहवाल कधी शेवटपर्यंत वाचलाच नव्हता.

स्थगिती आठ तारखेला मिळाली. त्या दोन आठवड्यांत झोप कशी ती माहीत नव्हती.

सुनावणी बऱ्याच महिन्यांनी लागली. रात्रीच्या एसटीने निघाले, पहाटे दादरला उतरले, लोकलने चर्चगेट आणि तिथून चालत मंत्रालय. पासाची रांग, मग बाहेरच्या बाकावर वाट पाहणं. हातातल्या फायलीला घामाने ओल आली होती. आत गेल्यावर सगळं मिळून दहा मिनिटं. खात्याच्या अधिकाऱ्यांनी अहवाल वाचला. वकिलांनी बिल दाखवलं. मग मला थेट विचारलं, "त्या दिवशी दुकान बंद का ठेवलं नाही?"

घरून निघताना मोठं उत्तर तयार केलं होतं. ऑपरेशन, सासूबाई, गावात रात्री उघडं असणारं एकच दुकान. तोंडातून एवढंच आलं, "बंद ठेवायला हवं होतं, साहेब."

निकाल पोस्टाने आला. तिसरा मुद्दा वगळला होता आणि १५ दिवसांचे ५ दिवस झाले होते. वकील म्हणाले, हायकोर्टात जाता येईल. मी नको म्हटलं. ते पाच दिवस माझेच होते.

शटर पाडायच्या आदल्या आठवड्यात इन्सुलिनवाल्या सगळ्यांना फोन केले. अकरा जण होते. पाच दिवस पुरेल एवढं आधीच घेऊन जा, नाहीतर अण्णांकडे मिळेल. अण्णांनी तेवढा माल मागवून ठेवला होता, मी न सांगता. तरी तिसऱ्या दिवशी वस्तीवरची एक बाई मुलाला कडेवर घेऊन शटरसमोर उभी राहिलेली मी वरच्या खिडकीतून पाहिली. पोराला ताप होता. आमचं घर दुकानाच्या वरच आहे. खाली माल भरलेला, आणि मला पॅरासिटामॉलचं सिरपसुद्धा देता येत नव्हतं. चप्पल घालून उतरले, तिला अण्णांच्या दुकानापर्यंत सोडून आले.

आता मी बाहेर पडले की काउंटरवर पाटी लागते, फार्मासिस्ट नाहीत, चिठ्ठीवरची औषधं मिळणार नाहीत. परवा बँकेतून परतले तर एक गृहस्थ मुलावर ओरडत होते. नेहमीचं गिऱ्हाईक. "सहा वर्षं तूच देतोस ना? आज काय झालं?" मुलगा मान खाली घालून म्हणत होता, "ताई येऊ देत, पाचच मिनिटं." ते थांबले नाहीत. समोरच्या दुकानात गेले. मी आत आले, हात धुतले, आणि पुढची चिठ्ठी घेतली.