अब्बांची थाप

आम्ही दोघे भाऊ मिरजेचे. अब्बा उमेदीच्या काळात कव्वाली पार्टीत ढोलक वाजवायचे. आता त्यांच्या हाताला कंप सुटला आहे. हात पुरता थांबण्याआधी त्यांची थाप संगणकात जपून ठेवावी, असं आम्ही ठरवलं आणि पॅड कंट्रोलर शोधायला निघालो.

हे यंत्र स्वतः वाजत नाही. रबरी पॅडवर बोट पडलं की कोणता पॅड आणि किती जोरात, एवढंच ते संगणकाला कळवतं, आवाज सॉफ्टवेअरमधला. जोराचं माप १ ते १२७. यंत्रांची ही ‘मिडी’ भाषा १९८३ सालची. १९८८ साली रॉजर लिन यांनी अकाई कंपनीसोबत ‘एमपीसी ६०’ घडवलं. चार ओळींत चार-चार असे १६ पॅड. तीच मांडणी आजही अनेक यंत्रांत दिसते.

दुकानात आमचं मन ६४ पॅडच्या एका जुन्या यंत्रावर बसलं. रंगीत दिवे लागत होते, किंमतही परवडत होती. अब्बा सोबत होते. त्यांनी एकदा बोट हलकेच टेकवलं, एकदा जोरात मारलं. आवाज तेवढाच. म्हणाले, “बेटा, याला हात कळत नाही.” चौकशी केली, तर खरंच त्या यंत्राला जोराची जाण नव्हती. गाण्याचे तुकडे चालू-बंद करायला ते ठीक. ठेका धरायला नाही.

मग आम्ही १६ पॅडचं साधंच यंत्र निवडलं. हलका स्पर्श हुकतो का, कडेला मारलं तरी आवाज येतो का, एका थापेचे दोन आवाज उमटतात का, हे अब्बांनीच तपासून घेतलं.

घरी अब्बांचा एकेक बोल हलका, मध्यम, जोरदार असा तीनदा ध्वनिमुद्रित केला. कंपामुळे काही थापा चुकल्या. आम्ही त्या पुसायला लागलो, तेव्हा अम्मी म्हणाली, “राहू द्या. त्याही त्यांच्याच आहेत.” त्या आम्ही वेगळ्या ठेवल्या.

परवा आम्ही पॅडवर ठेका धरला होता. अब्बा खाटेवर डोळे मिटून ऐकत होते. मध्येच म्हणाले, “हात माझा आहे, पण घाई तुमची. गाणाऱ्याला जागा द्या.”

आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.