गप्प बसण्याचे गुण

यंदा उजव्या कानात यंत्र बसलं. फुफ्फुसाच्या तळातले बारीक क्रेप्स निसटायला लागले, तेव्हा मी त्याचा दोष मिरवणुकांतल्या डॉल्बीला दिला होता. पण त्याच दिवसांत माझ्याकडे शिकणारी डीएनबी फॅमिली मेडिसिनची मुलगी मिनी-सीईएक्सच्या फॉर्मवर माझी तपासणी नोंदवत होती, तिनं ‘पेशंटला बोलू देणं’ यापुढे नऊपैकी नऊ लिहिले. ‘तसं काय नाय, जरा अंग मोडल्यागत हुतंय’ असं म्हणून समोरच्या पेशंट बाई थांबल्या होत्या. मी गप्प. मग घरातलं सगळं आपोआप बाहेर आलं. मी गप्प होतो, कारण त्यांचं वाक्य मला ऐकूच आलं नव्हतं. गुण मात्र ठेवून घेतले.

दवाखाना सांभाळून संशोधन केलं ते या एकाच गोष्टीपायी. डॉक्टर गप्प बसतो तेव्हा तो ऐकत असतो, की पुढं काय विचारायचं हेच त्याला सुचत नसतं? बेकमन आणि फ्रँकेल यांनी १९८४ साली मोजलं, तर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत पेशंटला तोडत होते. हा आकडा प्रत्येक कार्यशाळेत ऐकवतात. मुलांना ‘थांबा’ म्हटलं की ती थांबतात, एक डोळा घड्याळावर ठेवून. परवानगीनं केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये नवख्याची शांतता आणि मुरलेल्या जीपीची शांतता सेकंदांत सारखीच भरते. दोन परीक्षक बसवले, तर एक लिहितो ‘संयम’, दुसरा ‘गोंधळ’. दोघांच्या एकमताचा आकडा, म्हणजे कॅप्पा, सांगायची लाज वाटावी. व्हिडिओ लावला, तर बाया पदर सारखा करत कॅमेऱ्याशीच बोलतात. शेवटी सेकंद सोडले आणि शांततेनंतरचा पहिला प्रश्न धरला : तो पेशंटच्या बोलण्यातून निघाला, तर ऐकलं असं समजायचं. चलाख मुलांनी आठवड्यात त्याचीही वाट लावली. ‘अंग मोडल्यागत? बरं बरं.’ पोपटपंचीला पूर्ण गुण!

हार्डेन यांनी १९७५ मध्ये ओस्की, म्हणजे चेकलिस्टवर गुण देणारी प्रात्यक्षिक परीक्षा, मांडली, तेव्हा परीक्षकाच्या लहरीतून मुलं सुटली. ते मोठंच काम झालं. पण चेकलिस्टला विचारलेलंच दिसतं. विचारायची गरज पडली नाही, ते तिला दिसत नाही. १९९९ मध्ये कॅनडातल्या हॉजेस यांच्या गटानं दाखवलं, की अनुभवी फॅमिली डॉक्टरांना चेकलिस्टवर विद्यार्थ्यांपेक्षाही कमी गुण पडतात. तो लेख मी भाषणांत इतक्यांदा वापरलाय, की बायको त्याला ‘तुमचं चारित्र्याचं सर्टिफिकेट’ म्हणते. खोटं नाही. जे जमत नाही ते अनुभवाच्या खात्यावर टाकायची सोय त्यानं मला करून दिली.

२०१९ पासून एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात लॉगबुक आलं. संवादकौशल्यही त्यात आहे. सही झाली की कौशल्य आलं. बढतीसाठी लिहिलेल्या शोधनिबंधांबद्दल तर बोलूच नये : एक व्याख्यान, आधी एक प्रश्नावली, नंतर तीच प्रश्नावली, आणि गुण वाढल्याचा आनंद.

आता ही मुलगी म्हणते, परीक्षक काढा, रेकॉर्डिंग पेशंटलाच ऐकवा आणि विचारा, ‘इथं डॉक्टर ऐकत होते का?’ मी म्हटलं, आपली माणसं डॉक्टरला नाही म्हणणार नाहीत. ती म्हणाली, ‘सर, विचारायला मीच आहे तिथं. तुम्ही नाही.’ नीतिसमितीकडे प्रस्ताव गेलाय. पहिलं नाव तिचं, हे मान्य केलं. पत्रव्यवहाराचा लेखक मात्र मीच, यावर अजून अडून बसलोय.