गल्ल्यात किती आणि देणं किती?

हल्ली ऊर्जा क्षेत्र हा पारावरच्या गप्पांचा विषय झालाय. सोलर, पवनचक्की, बॅटरी, ग्रीन हायड्रोजन. आणि त्यामागोमाग मला एक प्रश्न हमखास येतो, "अमुक एनर्जीचा शेअर घेऊ का हो?"

विचारणारे कोण असतात? निवृत्तीचे पैसे हातात आलेले शिक्षक, एसटीतले वाहक, ऊसबिल जमा झालेले शेतकरी, नुकतीच नोकरी लागलेली पोरं. मोबाईलवर डीमॅट खातं चहा थंड व्हायच्या आत निघतं. शेअर घ्यायला बोटाचं एक टोक पुरतं. कंपनीचा ताळेबंद उघडून बघणारा मात्र शंभरात एखादा.

आधीच सांगतो, मी शेअर बाजारातला तज्ज्ञ नाही. सेबीकडे नोंदणी असलेला सल्लागार तर अजिबात नाही. माझी सगळी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात गेली. त्यामुळे 'घ्या' किंवा 'विका' असं मी कुणालाच सांगत नाही. पण समोर कर्जाची फाईल आली की आम्ही पहिली नजर कुठे टाकायचो, ते सांगू शकतो. गल्ल्यात किती आणि देणं किती.

याला पुस्तकी नाव आहे रोकड-कर्ज गुणोत्तर. कंपनीची रोकड, बँकेतल्या ठेवी आणि लगेच मोडता येतील अशा गुंतवणुका यांची बेरीज करायची आणि तिला एकूण कर्जाने भागायचं. उत्तर १ आलं तर सगळं कर्ज आजच्या आज फेडता येईल. ०.१ आलं तर रुपयाच्या देण्यामागे हातात दहा पैसे. बस्स. चौथीतल्या पोराला जमेल असा भागाकार आहे.

लोक विचारतात, मग नफा कशाला बघायचा नाही? बघा की. पण नफा हा हिशेबातला आकडा आहे. माल दिला, बिल फाडलं की तो दिसायला लागतो. पैसे कधी येतील ते वेगळं. ऊर्जा क्षेत्रात तर हे फार चालतं, कारण वीज विकत घेणाऱ्या सरकारी वितरण कंपन्या पैसे वेळेवर देतीलच असं नाही. ही थकबाकी इतकी वाढली की केंद्राला २०२२ मध्ये विलंब अधिभाराचे नवे नियम आणावे लागले. येणी म्हणजे रोकड नव्हे. बँकेचा हप्ता येण्यांनी भरता येत नाही.

आता उदाहरण घेऊ, आणि तेही आपल्या डोळ्यासमोरचं. साताऱ्याहून ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीला गेलात, किंवा पाटण तालुक्यात वनकुसवड्याच्या पठारावर, तर पवनचक्क्यांची रांगच्या रांग दिसते. धुळे जिल्ह्यात साक्रीकडे ब्राह्मणवेलला तेच. या धंद्यातलं सगळ्यात ओळखीचं नाव म्हणजे सुझलॉन. मुख्यालय पुण्यात. तुलसी तांती यांनी १९९५ मध्ये ती सुरू केली. त्यांचा मूळ धंदा कापडाचा. कारखान्याचं विजेचं बिल परवडेना म्हणून त्यांनी स्वतःसाठी दोन पवनचक्क्या घेतल्या आणि पुढे तोच धंदा केला.

२००५ मध्ये कंपनी बाजारात आली, ५१० रुपये दराने. पुढची दोन-तीन वर्षं नुसती घोडदौड. २००६ मध्ये बेल्जियमची हॅन्सन ही गिअरबॉक्स बनवणारी कंपनी सुमारे ४६ कोटी ५० लाख युरोंना घेतली. २००७ मध्ये फ्रान्सच्या अरेवाशी टक्कर देऊन जर्मनीची आरईपॉवर ताब्यात घेतली. पेपरांत मथळे, भारतीय कंपनीचा युरोपात झेंडा. जानेवारी २००८ मध्ये शेअर साडेचारशेच्या आसपास होता, तोही दहा रुपयांच्या शेअरचे पाच तुकडे केल्यानंतर.

हे सगळं कशावर झालं? मोठ्या प्रमाणात कर्जावर. त्यात एक प्रकार डॉलरमधल्या परिवर्तनीय रोख्यांचा. याची गंमत अशी की शेअरचा भाव चढत राहिला तर रोखेधारक रोख्यांच्या बदल्यात शेअर घेतो आणि कंपनीला पैसे परत द्यावेच लागत नाहीत. तेजीत हे कर्ज कर्जासारखं वाटतच नाही. पण भाव पडला की तो माणूस म्हणतो, शेअर नको, माझे डॉलर द्या. आणि ठरलेल्या तारखेला द्यावे लागतात, एकरकमी.

मग २००८ ची जागतिक मंदी आली. अमेरिकेत पात्यांना तडे गेल्याच्या तक्रारी झाल्या, ती दुरुस्ती खर्चिक ठरली. ऑर्डरी मंदावल्या. इकडे २०१२ मध्ये पवनचक्क्यांवरची वेगवान घसाऱ्याची करसवलत सरकारने काढून घेतली. रुपया २००७ मध्ये डॉलरला चाळीसच्या आसपास होता, तो २०१२ मध्ये पन्नाशी ओलांडून गेला, म्हणजे डॉलरमधलं देणं रुपयांत आपोआप फुगलं. ऑक्टोबर २०१२ मध्ये सुमारे २० कोटी ९० लाख डॉलरचे रोखे फेडायचे होते. रोखेधारकांनी मुदत वाढवून द्यायला नकार दिला आणि कंपनी चुकली. तोवरची अशा रोख्यांमधली ती भारतातली सगळ्यात मोठी चूक. लगेच जानेवारी २०१३ मध्ये बँकांनी सुमारे ९,५०० कोटींच्या कर्जाची फेररचना केली.

इथे एक बारीक गोष्ट आहे आणि माझ्या मते सगळा धडा तिच्यात आहे. कंपनीच्या एकत्रित ताळेबंदात रोकड दिसत होती. पण तिच्यातली मोठी रक्कम जर्मनीतल्या उपकंपनीकडे होती. तिथला कायदा, तिथल्या बँकांच्या अटी आणि बराच काळ तिथले छोटे भागधारक, यांमुळे ते पैसे पुण्यातल्या आईला उचलता येत नव्हते. लेकीच्या पेटीत पैसे आहेत, पण किल्ली सासरच्यांकडे! भागाकार करणाऱ्याने ते पैसे आईचे धरले असते आणि फसला असता.

पुढचं थोडक्यात. आरईपॉवरचं नाव सेन्व्हिऑन झालं आणि २०१५ मध्ये ती सुमारे १०० कोटी युरोंना विकावी लागली. (ती सेन्व्हिऑन स्वतःच २०१९ मध्ये दिवाळखोरीत गेली.) जुलै २०१९ मध्ये सुझलॉन पुन्हा चुकली, या वेळी सुमारे १७ कोटी २० लाख डॉलर. २०२० मध्ये शेअर दोन रुपयांच्या आसपास आला आणि कर्जाची पुन्हा फेररचना झाली. १ ऑक्टोबर २०२२ ला तांती गेले. त्याच महिन्यात १,२०० कोटींचा राइट्स इश्यू आला, पाच रुपये दराने. ऑगस्ट २०२३ मध्ये बड्या संस्थांकडून आणखी २,००० कोटी उभे केले, कर्ज फेडलं, आणि मार्च २०२४ अखेर कंपनीकडे देण्यापेक्षा रोकड हजार कोटींहून जास्त होती. गुणोत्तर एकच्या कितीतरी वर. मेलेली म्हणून सोडून दिलेली कंपनी उभी राहिली, याचं कौतुक करायलाच हवं.

पण जुन्या भागधारकाचं काय झालं ते कुणी सांगत नाही. २००८ च्या सुमारास कंपनीचे दीडशे कोटी शेअर होते. आज तेराशे कोटींच्या वर आहेत. कर्जाच्या बदल्यात शेअर दिले, नवे शेअर विकले, असं करत करत. म्हणजे ज्याने जुने शेअर धरून ठेवले आणि नवा पैसा घातला नाही, त्याच्या ताटातल्या भाकरीचा नववा तुकडाच त्याच्याकडे उरला. कंपनी वाचणं आणि तुमचे पैसे वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कर्ज जड झालं की त्याची किंमत शेवटी भागधारक भरतो.

आता कुणी म्हणेल, मग गुणोत्तर कमी दिसलं की पळ काढायचा का? तसंही नाही. एनटीपीसी बघा. तिच्यावरचं कर्ज प्रचंड आहे, त्या मानाने रोकड अगदी थोडी. भागाकार केलात तर दचकाल. तरी देशातलं सगळ्यात वरचं 'एएए' मानांकन तिला आहे. कारण विजेचे करार दीर्घ मुदतीचे, आणि केंद्रीय वीज नियामक आयोग दर ठरवतो तेव्हा कर्जावरचं व्याजही हिशेबात धरतो. मागे केंद्र सरकार. आपल्या भाषेत सांगायचं तर पगारदार माणसाचं वीस वर्षांचं गृहकर्ज. बँकेत शिल्लक दोन लाख, कर्ज वीस लाख, पण महिन्याच्या महिन्याला पगार येतो आणि हप्ता जातो. घाबरायचं कारण नाही. याउलट तेच वीस लाख हातउसने घेतलेत, दिवाळीला एकरकमी द्यायचेत आणि धंदा हंगामी आहे, तर झोप लागणार नाही. गुणोत्तर दोघांचंही ०.१ च.

आणि उलटा प्रकारही आपल्या महाराष्ट्राने बघितलाय. गुहागरजवळ दाभोळ प्रकल्प आणणारी एन्रॉन आठवते ना? २००१ च्या मे महिन्यात आपल्या वीज मंडळाने महागडी वीज घेणं बंद केलं आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेत एन्रॉन दिवाळखोरीत गेली. तिच्या ताळेबंदावर दिसणारं कर्ज होतं १३ अब्ज डॉलर. शेवटी बँकांपुढे जो खरा आकडा आला तो होता ३८ अब्ज. बाकीचं कर्ज ताळेबंदाबाहेर, वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावावर दडवलेलं. छेदच खोटा असेल तर भागाकार कसा खरा येणार?

म्हणून मी भागाकार केला की लगेच तीन प्रश्न विचारतो.

एक, रोकड नक्की कुणाची? वार्षिक अहवालात दोन ताळेबंद असतात, एकट्या कंपनीचा आणि एकत्रित. दोन्ही बघा. रोकडीच्या टिपेत 'मार्जिन मनी', 'राखीव', 'तारण' असे शब्द दिसले तर तेवढी रक्कम वजा करा. ती बँकेकडे अडकलेली आहे.

दोन, कर्ज कधीचं? कर्ज दोन जागी लिहिलेलं असतं, दीर्घ मुदतीचं वेगळं आणि वर्षभरात फेडायचं वेगळं. दुसरा आकडा महत्त्वाचा. तो रोकडीपेक्षा मोठा असेल तर फरक कुठून आणणार, हे अहवालात शोधा. डॉलरमधलं किती, तेही बघा. आणि उपकंपन्यांसाठी दिलेल्या हमींची टीप वाचा, कारण हमी म्हणजे उद्याचं कर्ज असू शकतं.

तीन, पैसा येतो कसा? पंचवीस वर्षांच्या वीज करारातून, की दरवर्षी नव्या ऑर्डरी शोधून? पहिल्याला थोडी रोकड चालते. दुसऱ्याला गल्ला भरलेलाच लागतो, कारण सरकारचं एक धोरण बदललं की त्याचं वर्ष कोरडं जातं. येणी किती जुनी आहेत याचा तक्ता हल्ली अहवालात द्यावाच लागतो, तोही चाळा.

आणि हे एका वर्षाचं नको, निदान पाच वर्षांचं काढा. ३१ मार्चला गल्ला भरलेला दाखवणं अवघड नसतं. पाच वर्षं सलग दाखवणं अवघड असतं.

अहवाल कंपनीच्या वेबसाइटवर फुकट मिळतात. कॅल्क्युलेटर मोबाईलमध्ये आहेच. अर्धा तास लागेल. पोरीच्या लग्नासाठी ठेवलेले चार लाख गुंतवणार असाल तर अर्धा तास ही काही फार मोठी किंमत नाही. सोनं घेताना आपण तीन दुकानं फिरतो, बैल घेताना दात बघतो. शेअर घेताना निदान त्या कंपनीचा गल्ला बघायला काय हरकत आहे?

कुणाला भागाकार करून बघायचा असेल तर कंपनीचं नाव आणि आलेलं उत्तर कमेंटमध्ये टाका. घ्यायचा की नाही ते मी सांगणार नाही, पण रोकड आणि कर्जाचे आकडे बरोबर जागेवरून उचललेत का, एवढं नक्की बघून देईन.