मोटारींचा पस्तीस वर्षांचा वनवास

१/ आजच्या मोटारींपैकी उद्या कोणत्या ‘क्लासिक’ म्हणून जपल्या जातील? हा प्रश्न सहसा गाडीचे रूप, वेग आणि दुर्मीळता यांवरून सोडवला जातो. मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे. माझे गाव केम, तालुका करमाळा, जिल्हा सोलापूर. कुंकवासाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावातून पाहिले की उत्तर थोडे वेगळे दिसते. म्हणून हा धागा.

२/ प्रथम व्याख्या पाहू. ऐतिहासिक वाहनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ ‘फीवा’ किमान ३० वर्षे जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या आणि रोजच्या वापरात नसलेल्या वाहनाला ऐतिहासिक मानतो. भारतात २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेल्या वाहनाला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. अशी गाडी प्रदर्शन, फेरी, संशोधन, इंधन किंवा दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते.

३/ आता दुसरे टोक. खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी, नूतनीकरण आणि शुल्क. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. याच काळात वाहने मोडीत काढण्याचे धोरणही आले. म्हणजे पंधराव्या वर्षी गाडी ‘जुनी’ होते आणि पन्नासाव्या वर्षी ‘वारसा’ होते.

४/ रामाचा वनवास चौदा वर्षांचा होता. मोटारीचा पस्तीस वर्षांचा. १९९९ साली नोंदलेली इंडिका २०१४ मध्ये जुनी झाली. व्हिंटेज होण्यासाठी तिला २०४९ पर्यंत थांबावे लागेल. २००९ सालच्या नॅनोला २०५९ पर्यंत. या मधल्या काळात गाडीची किंमत भंगाराच्या वजनाइतकी उरते आणि खर्च मात्र जिवंत गाडीचा असतो. कोणती मोटार क्लासिक ठरेल, याचा निकाल या पस्तीस वर्षांत लागतो.

५/ याचे सर्वांत जवळचे उदाहरण आपल्याच जिल्ह्याशी जोडलेले आहे. १८८२ साली सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्याने मोटारी तयार होऊ लागल्या. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली आणि १९७० च्या दशकात तिचेच नाव प्रीमियर पद्मिनी झाले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा चेहरा म्हणजे हीच गाडी.

६/ ताडदेवच्या परिवहन कार्यालयात शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली. टॅक्सीची वयोमर्यादा २० वर्षे. म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती मुंबईच्या रस्त्यांवरून नाहीशी झाली. निदान एक तरी पद्मिनी टॅक्सी जतन करावी, अशी मागणी टॅक्सीचालकांच्या संघटनेने केली होती. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पद्मिनी आजही हौशी लोकांच्या दारी दिसते, पण ती बहुधा घरगुती वापराची असते. पिढ्यान्‌पिढ्या भाडे मारून जिने शहर चालवले, ती टॅक्सी मात्र मोडीत गेली.

७/ हा नियम लावून आजचे उमेदवार पाहू. टाटा सिएरा (१९९१) : तीन दारांची, मागे छतापर्यंत वळलेल्या स्थिर काचांची. फार खपली नाही, म्हणून फार राबलीही नाही. २०२५ मध्ये टाटांनी हे नाव पुन्हा बाजारात आणल्यामुळे जुन्या सिएराची आठवण ताजी झाली आहे. मारुती जिप्सी (१९८५) : सैन्याची आणि डोंगरी शर्यतींची गाडी; तिच्यामागे जीव टाकणारा वर्ग आहे. या दोन्ही वनवास पार करतील, असे मला वाटते.

८/ टाटा नॅनोचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या प्रदर्शनात ती जगापुढे आली. ६२४ सीसीचे, दोन सिलिंडरचे इंजिन मागे. पुढे एकच वायपर. चाकाला तीनच नट. २०१८ मध्ये उत्पादन थांबले. ‘लाखाची गाडी’ हीच तिची ओळख आणि हीच तिची अडचण ठरली. संग्राहक स्वस्त गोष्ट उशिरा उचलतात. तरीही एकविसाव्या शतकातील भारत समजून घ्यायला संग्रहालयात एकच मोटार ठेवा म्हटले, तर मी नॅनो ठेवीन.

९/ इंडिका (१९९८) ही संपूर्णपणे भारतात विकसित झालेली पहिली प्रवासी मोटार मानली जाते. ती पिंपरीत तयार झाली. १९९४ च्या सुमोचे नाव सुमंत मूळगावकर यांच्या नावाच्या आणि आडनावाच्या आरंभीच्या अक्षरांवरून आले. इतिहास दोघींनाही भरपूर आहे. पण दोघी भाड्याच्या धंद्यात एवढ्या राबल्या की मूळ स्वरूपातील नग शोधावा लागतो. अगदी अलीकडच्या गाड्यांपुढे आणखी वेगळा पेच आहे : पद्मिनीचा कार्ब्युरेटर कोणताही जाणता मिस्त्री उघडून साफ करी, संगणकीय नियंत्रण असलेल्या मोटारीचे सॉफ्टवेअर तीस वर्षांनी कोण दुरुस्त करणार?

१०/ आता केमकडे येते. आमचे स्थानक मुंबई-चेन्नई लोहमार्गावर, जेऊर आणि कुर्डुवाडी यांच्या दरम्यान. गाडीतून उतरलेल्या माणसाला वाडी-वस्तीवर, बाजाराला किंवा करमाळ्याला न्यायचे काम वर्षानुवर्षे वडापने केले. शहरी वाचकांसाठी : वडाप म्हणजे माणसे भरली की सुटणारी, शिटावर पैसे घेणारी जीप. आमच्याकडे ती बहुतेक महिंद्राची कमांडर असे. आत दाटीने बसलेले प्रवासी, मागच्या पायरीवर लोंबकळणारी पोरे, टपावर पोती.

११/ माझे चुलते, तात्या, अशीच एक जीप चालवत. गुडघे गेले तशी ती गोठ्याशेजारी उभी राहिली. नोंदणीची मुदत संपली. टायर बसले, टपाची ताडपत्री उन्हाने फाटली. गेल्या वर्षी भंगारवाल्याने वजनावर भाव सांगितला आणि घरात चर्चा सुरू झाली. जीप ठेवावी असे म्हणणारी मी एकटीच होते.

१२/ मी व्याख्या सांगितल्या, वारसा म्हणजे काय ते सांगितले. तात्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “अगं, पर तिला जपायचं कुणी अन् कशाच्या जिवावर? जागा माझी अडती. त्या पैशात एका म्हशीचा चारा निघंल.” या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. जतनाला जागा लागते, पैसा लागतो, फुरसत लागते. ज्यांच्याकडे ही तिन्ही आहेत, त्यांच्याच गाड्या उद्याच्या संग्रहात दिसणार. जीप गेली.

१३/ व्हिंटेजच्या नियमातही एक बारकावा आहे. त्यात चारचाकी म्हणजे एम-१ वर्गाची, चालकाखेरीज आठपर्यंत आसने असलेली गाडी. तात्यांच्या जीपच्या आरसी बुकात चालकाखेरीज नऊ आसने होती. पन्नास वर्षे टिकली असती, तरी या दारातून तिला प्रवेश नव्हता. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे घरची मोटार होती. गावाची मोटार नव्हती.

१४/ आमच्या शेजारचे कुर्डुवाडी हे बार्शी लाइट रेल्वेचे गाव. १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी सुरू केलेला हा ७६२ मिलिमीटर रुंदीचा मार्ग पुढे पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेला. आज तो रुंद झाला आहे. छोटी गाडी उरली नाही. तरी तिचा इतिहास लिहिता येतो, कारण कंपनीने वेळापत्रके, नकाशे, अहवाल मागे ठेवले. वडापला ना कंपनी, ना वेळापत्रक, ना तिकीट. तिच्यामागे कागदच राहत नाही.

१५/ जीपच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात मात्र तात्यांची एक वही सापडली. डिझेल, पंक्चर, उधारी आणि फेऱ्या यांच्या ओळी. कुंकवाची पोती स्थानकावर. कुणाची बाळंतीण, रात्री, करमाळा. पुढे रकमेच्या जागी रेघ. आषाढीच्या आठवड्यात पंढरपूरच्या फेऱ्या. रेघेचा अर्थ मी विचारला. “त्येचं पैसं घ्यायचं नसतं,” तात्या म्हणाले. गावात रुग्णवाहिका नव्हती, तेव्हा तिचे काम कोण करत होते, हे त्या रेघांवरून कळते. कोणत्याही चकचकीत बॉनेटवरून ते कळणार नाही.

१६/ तेव्हा माझे उत्तर असे : सिएरा आणि जिप्सी संग्रहात जातील, नॅनो उशिरा जाईल, इंडिका-सुमोचे मोजके नग वाचतील आणि वडापची कमांडर जवळजवळ वाचणार नाही. भविष्यातील संग्रहालय पाहणाऱ्याला मग वाटेल, की आपल्या काळी माणसे एकेकटी, ऐसपैस बसून हिंडत होती.

१७/ गाडी ठेवणे प्रत्येकाला परवडणार नाही. कागद ठेवणे परवडते. तुमच्या घरची गाडी विकण्यापूर्वी किंवा मोडीत देण्यापूर्वी आरसी बुक, परवाना, दुरुस्तीच्या पावत्या आणि हिशेबाची वही यांची छायाचित्रे घ्या. चालवणाऱ्या माणसाला बोलते करा; तारीख आणि गाव लिहून ठेवा. आणि वहीत कुठे रकमेच्या जागी रेघ दिसली, तर ती कोणाची, हे त्याच दिवशी विचारा.